खतावणीतला काँगो आणि ११० काड्या

अँटवर्पच्या गोदीत आगबोट लागली की कारकुनाचे काम ठरलेले असे. उतरणारा माल मोजायचा, चढणारा माल मोजायचा, दोन्हींची नोंद करायची आणि सह्या घेऊन मोकळे व्हायचे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या वर्षांत काँगोहून येणाऱ्या बोटींचे हे काम पाहायला लिव्हरपूलहून एक तरुण या बेल्जियन बंदरात येत असे. त्याचे नाव एडमंड डीन मोरेल. काँगोच्या वाहतुकीचा मक्ता एल्डर डेम्पस्टर या इंग्रजी जहाज कंपनीकडे होता. मोरेलचा जन्म पॅरिसचा, वडील फ्रेंच, त्यामुळे त्याला फ्रेंच उत्तम येई. म्हणून काँगोच्या अधिकाऱ्यांशी बोलणी आणि कागदपत्रे त्याच्याकडे आली होती. वय पंचविशीच्या आसपास, घरी बायको-मुले, पगार बेताचा.

बोटींच्या पोटातून रबर आणि हस्तिदंत यांच्या राशी धक्क्यावर उतरत. एवढा माल विकत घ्यायचा तर परतीच्या बोटीतून कापड, भांडी, मणी, मीठ असे काहीतरी आफ्रिकेला जायला हवे. मोरेलने चढणाऱ्या मालाच्या याद्या पाहिल्या. त्यांत मुख्यतः बंदुका होत्या, काडतुसे होती आणि गोऱ्या अधिकाऱ्यांच्या वापराच्या वस्तू होत्या. व्यापारात देता येईल असा माल फारच थोडा होता. शिवाय काँगो सरकार जगाला सांगत असलेले रबराचे आकडे आणि कंपनीच्या वह्यांतले आकडे जुळत नव्हते. वह्यांतले आकडे कितीतरी मोठे होते. मधला पैसा कोणाच्या तरी खिशात जात होता.

खतावणीच्या जमेच्या बाजूला कोट्यवधी फ्रँकचे रबर आणि नावेच्या बाजूला काडतुसे, याचा अर्थ लावायला जंगलात जायची गरज नव्हती. रबर गोळा करणाऱ्यांना मोबदला मिळत नव्हता, आणि मोबदल्याशिवाय काम करून घ्यायला बंदूक लागते. लक्षावधी माणसांची गुलामगिरी एका कारकुनाने अशी धक्क्यावर उभ्या उभ्या वाचली. पुढची दहा-बारा वर्षे तो तिच्याशी लढला, आणि या सगळ्या काळात त्याने काँगोच्या भूमीवर एकदाही पाऊल ठेवले नाही.

एका माणसाचा देश

पाऊल न ठेवणारा दुसरा माणूस म्हणजे त्या देशाचा मालक. बेल्जियमचा राजा दुसरा लिओपोल्ड याला वसाहत हवी होती, पण त्याच्या सरकारला त्या खर्चात पडायचे नव्हते. तेव्हा त्याने स्वतःसाठीच वसाहत मिळवायचे ठरवले. १८७६ साली त्याने ब्रुसेल्सला भूगोलतज्ज्ञांची आणि संशोधक प्रवाशांची परिषद भरवली. गुलामांच्या व्यापाराचा नायनाट, शास्त्रीय संशोधन आणि सुधारणेचा प्रसार हे उद्देश जाहीर झाले. मग हेन्री मॉर्टन स्टॅन्ली या प्रसिद्ध प्रवाशाला त्याने नोकरीस ठेवले. काँगो नदीच्या काठाकाठाने जात स्टॅन्ली आणि त्याच्या साथीदारांनी शेकडो गावप्रमुखांकडून करारांवर खुणा करवून घेतल्या. कराराची भाषा त्यांच्यापैकी कोणालाही वाचता येत नव्हती.

१८८४-८५ च्या हिवाळ्यात बर्लिनला युरोपातील सत्ता आफ्रिकेबद्दलचे नियम ठरवायला बसल्या. त्या मेजाभोवती एकही आफ्रिकी माणूस नव्हता. १८८५ मध्ये ‘काँगो स्वतंत्र राज्य’ अस्तित्वात आले. हे राज्य बेल्जियमच्या सुमारे ७६ पट मोठे होते आणि ते एका माणसाच्या मालकीचे होते. बर्लिनच्या करारात सर्वांना मुक्त व्यापाराची हमी होती आणि स्थानिक लोकांच्या कल्याणाची जबाबदारीही लिहिलेली होती. लिओपोल्डने या कलमांना आनंदाने मान डोलावली. त्यांच्या जोरावरच तर त्याला देश मिळाला होता. हीच कलमे वीस वर्षांनी त्याच्यासमोर धरली जातील, असे तेव्हा कोणाच्या मनात आले नसावे.

काडतुसांचा हिशेब

सुरुवातीला काँगो तोट्यात होता. १८८८ मध्ये जॉन बॉइड डनलॉपने हवा भरलेल्या टायरचे पेटंट घेतले, सायकली आल्या, मागोमाग मोटारी आल्या आणि रबराचे भाव कडाडले. रबराच्या झाडांच्या बागा लावल्या तर चीक निघायला काही वर्षे थांबावे लागते. काँगोच्या जंगलात मात्र लांडोल्फिया नावाच्या जंगली वेली उंच झाडांवर चढलेल्या होत्याच. राजाला घाई होती. आशियातल्या बागा चिकावर येण्याआधी या वेली पिळून घ्यायच्या होत्या. १९०१ साली काँगोतून निघालेले रबर सहा हजार टनांच्या घरात गेले.

वेलीचा चीक काढणे हे हाल करणारे काम होते. जवळच्या वेली संपल्या की माणसांना दिवसचे दिवस जंगलात आत जावे लागे. चीक घट्ट करण्यासाठी तो अंगावर फासायचा आणि वाळल्यावर सोलून काढायचा. त्याबरोबर केस आणि कातडीही निघे. असे काम स्वखुशीने कोण करील? म्हणून गावातल्या बायका ओलीस धरल्या जात आणि ठरलेले वजन भरल्याशिवाय सुटत नसत. पाणघोड्याच्या वाळलेल्या कातड्याचा ‘शिकोत’ नावाचा चाबूक प्रत्येक ठाण्यावर असे.

राजाच्या फौजेतही हिशेब काटेकोर होता. शिपायांनी काडतुसे शिकारीवर उधळू नयेत किंवा बंडासाठी दडवू नयेत म्हणून अनेक ठिकाणी नियम होता, की उडवलेल्या प्रत्येक गोळीमागे मारलेल्या माणसाचा उजवा हात आणून दाखवायचा. ज्या शिपायाची गोळी चुकली किंवा हरणावर खर्च झाली, तो जिवंत माणसाचा हात तोडून हिशेब जुळवी. हात सडू नयेत म्हणून ते धुरावर वाळवले जात. १८९९ मध्ये विल्यम शेपर्ड या आफ्रिकी-अमेरिकी मिशनऱ्याने अशा एका छावणीत आगीवर ठेवलेले हात मोजले. ते ८१ भरले.

ऐकले का नाही, आणि मग ऐकले का

मोरेल हा पहिला आवाज नव्हता. १८९० मध्येच जॉर्ज वॉशिंग्टन विल्यम्स या कृष्णवर्णीय अमेरिकी इतिहासकाराने काँगोतून लिओपोल्डला जाहीर पत्र लिहून फसवलेले करार, जाळलेली गावे आणि धरलेले वेठबिगार यांची यादीच मांडली होती. पुढच्याच वर्षी तो वारला. वयाची पन्नाशीही त्याने पाहिली नाही. शेपर्डसारखे मिशनरी लिहीत राहिले. प्रत्येक वेळी ब्रुसेल्सचे उत्तर तयार असे: एखाद्या अधिकाऱ्याचा अतिरेक असेल, ऐकीव गोष्ट असेल, मिशनऱ्यांची असूया असेल.

मोरेलच्या हातात होते ते या उत्तरांनी उडवता येत नव्हते. आकडे राजाच्याच मालाचे होते. एखादा अधिकारी क्रूर निघू शकतो, पण वर्षानुवर्षे एकाच बाजूने वाहणारा व्यापार हा एका माणसाच्या क्रौर्याचा भाग असत नाही. ती व्यवस्था असते. वरिष्ठांना मोरेलने हे सांगितले तेव्हा थंड प्रतिसाद मिळाला. काँगोचा मक्ता कंपनीला सोडायचा नव्हता. १९०१ मध्ये त्याने नोकरी सोडली आणि लेखणी हातात घेतली. १९०३ मध्ये त्याने स्वतःचे साप्ताहिक काढले. त्याच वर्षी मे महिन्यात ब्रिटिश कॉमन्स सभेने एकमताने ठराव केला, की काँगोतील कारभाराबाबत सरकारने बर्लिन करारावर सह्या करणाऱ्या सत्तांशी बोलावे. परक्या राज्यातील प्रजेच्या हालांबद्दल बोलायला ब्रिटनला कायद्याचा काही आधार हवा होता. तो राजाने स्वतः मान्य केलेल्या कलमांतच सापडला.

ठरावात केवळ करुणा होती असे नाही. मुक्त व्यापाराचे आश्वासन मोडून राजाने काँगोचे रबर स्वतःकडे आणि मर्जीतल्या कंपन्यांकडे ठेवले होते. लिव्हरपूलच्या व्यापाऱ्यांना ते खुपत होते. मोरेलला हे ठाऊक होते आणि त्याने ते लपवले नाही. त्याच्या मते दोन्ही गोष्टी एकच होत्या. ज्या माणसाच्या हातचा माल त्याच्या मालकीचा नाही त्याच्याशी व्यापार होऊ शकत नाही, त्याची लूटच होते.

वाफेची होडी आणि कॅमेरा

आकड्यांना आता साक्षीदार हवे होते. काँगोतला ब्रिटिश वाणिज्यदूत रॉजर केसमेंट हा आयरिश माणूस आफ्रिकेत वीस वर्षे घालवलेला होता. १९०३ च्या उन्हाळ्यात तो नदीने आत निघाला. सरकारी बोटीतून गेले तर सरकार दाखवील तेच दिसणार, म्हणून त्याने अमेरिकी मिशनऱ्यांची वाफेची होडी भाड्याने घेतली. पूर्वी गजबजलेली म्हणून त्याला आठवणारी गावे ओसाड होती. तो लोकांना विचारत गेला आणि ते सांगतील ते लिहीत गेला. डिसेंबरमध्ये लंडनला त्याची आणि मोरेलची भेट झाली आणि दोघे पहाटेपर्यंत बोलत बसले.

१९०४ च्या सुरुवातीला अहवाल छापून आला तेव्हा केसमेंट संतापला. परराष्ट्र खात्याने त्यातील माणसांची आणि गावांची नावे काढून त्याजागी नुसती अक्षरे घातली होती. छळ सोसणारा आणि छळ करणारा, दोघेही अक्षरांच्या आड गेले होते. तरी अहवालाने खळबळ उडाली. सरकारचा स्वतःचा वाणिज्यदूत बोलत होता. मार्चमध्ये लिव्हरपूलला हजारावर लोकांच्या सभेत मोरेलच्या ‘काँगो सुधारणा संघा’चा आरंभ झाला.

त्याच वर्षी मे महिन्यात काँगोतील बारिंगा येथील मिशनच्या ओट्यावर न्साला नावाचा माणूस पानांत बांधलेली एक पुरचुंडी घेऊन आला. रबर कंपनीच्या पहारेकऱ्यांनी त्याच्या सुमारे पाच वर्षांच्या मुलीला, बोआलीला, मारले होते. पुरचुंडीत तिचा हात आणि पाऊल होते. ॲलिस सीली हॅरिस या मिशनरी बाईंनी त्याचे छायाचित्र घेतले. ओट्याच्या कडेला बसलेला बाप समोर ठेवलेल्या त्या दोन लहान वस्तूंकडे पाहतो आहे. चित्रात रक्त नाही, आरडाओरड नाही. ॲलिस आणि त्यांचे पती जॉन हॅरिस यांनी ही छायाचित्रे ‘मॅजिक लँटर्न’ने पडद्यावर दाखवत इंग्लंड-अमेरिकेत शेकडो सभा घेतल्या. मार्क ट्वेनने १९०५ मध्ये लिओपोल्डच्या तोंडी घातलेल्या उपरोधिक स्वगताची पुस्तिका लिहिली. तिच्यात तो राजा सगळ्यांत जास्त शिव्या कोडॅक कॅमेऱ्याला देतो, कारण तेवढ्या एका साक्षीदाराला त्याला लाच देता आलेली नाही. पुढे १९०९ मध्ये शेरलॉक होम्सचे जनक आर्थर कॉनन डॉइल यांनीही काँगोवर पुस्तक लिहिले आणि मोरेलबरोबर गावोगावच्या सभांत ते बोलले.

राजा गप्प बसला नव्हता. वृत्तपत्रांना गुपचूप पैसे पोचत होते. अमेरिकेत त्याने एक वकील पगारी ठेवला होता. पण १९०६ च्या अखेरीस राजाशी झालेला त्या वकिलाचा सगळा पत्रव्यवहारच न्यूयॉर्कच्या वर्तमानपत्रात झळकला.

११० काड्या

टीका थोपवण्यासाठी लिओपोल्डने १९०४ मध्ये स्वतःच चौकशी आयोग नेमला. त्यात एक बेल्जियन, एक स्विस आणि एक इटालियन न्यायाधीश होते. आपल्याच माणसांचा आयोग आपल्याला निर्दोष ठरवील अशी त्याची अटकळ होती. ती चुकली. न्यायाधीश काँगोत हिंडले आणि शेकडो साक्षी त्यांनी नोंदवून घेतल्या. १९०५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालाने केसमेंटच्या म्हणण्याला मूळ मुद्द्यांवर दुजोरा दिला.

साक्ष द्यायला आलेल्यांत बोलिमा गावाचा प्रमुख लोंतुलू होता. त्याने चाबूक खाल्ला होता, ओलीस म्हणून त्याला कोंडले होते, साखळदंडात त्याने काम केले होते. त्याने आयोगाच्या मेजावर काड्या मांडल्या. एक काडी म्हणजे रबरापायी मारले गेलेले आपल्या गावचे एक माणूस. काड्यांचे त्याने चार ढीग केले: गावचे मानकरी, पुरुष, बायका आणि मुले. मग एकेक काडी धरून त्याने एकेक नाव सांगितले. काड्या ११० होत्या.

मोरेलची खतावणी, फौजेची काडतुसांची वही आणि लोंतुलूचे ढीग या तिन्हींत हिशेबच होता. तिसरा हिशेब ज्यांचा होता त्यांनी स्वतः ठेवलेला होता, आणि नेमका तोच आयोगाने जगापुढे ठेवला नाही. आयोगाचा अहवाल छापला गेला, पण साक्षींचे मूळ कागद छापले गेले नाहीत. ब्रुसेल्सच्या दप्तरखान्यात ते कित्येक दशके संशोधकांना बंद राहिले.

आठ दिवसांचा धूर

अखेर राजाला हटावे लागले. १५ नोव्हेंबर १९०८ रोजी काँगो बेल्जियम देशाच्या ताब्यात गेला. हा व्यवहारही पाहण्यासारखा आहे. काँगोवर राजाने केलेले ११ कोटी फ्रँकचे कर्ज बेल्जियमने अंगावर घेतले, राजाच्या अर्धवट बांधकामांसाठी साडेचार कोटींवर रक्कम कबूल केली, आणि काँगोसाठी केलेल्या ‘त्यागा’बद्दल कृतज्ञता म्हणून राजाला आणखी पाच कोटी ठरले. ही पाच कोटींची रक्कम काँगोतूनच वसूल व्हायची होती.

हस्तांतराआधी, ऑगस्टमध्ये, ब्रुसेल्सच्या राजवाड्याजवळच्या भट्ट्या आठ दिवस धडधडत होत्या. काँगो राज्याची बहुतेक कागदपत्रे त्यांत गेली. पुढच्या वर्षी डिसेंबरमध्ये लिओपोल्ड वारला. किती माणसे गेली याचा नेमका आकडा कोणालाच देता येत नाही, कारण जनगणना झालेलीच नव्हती. कत्तल, उपासमार, रोगराई आणि घटलेले जन्म मिळून लोकसंख्या सुमारे एक कोटीने घटली असा एक बहुचर्चित अंदाज आहे. त्यावर इतिहासकारांत मतभेद आहेत.

ब्रिटनने हे हस्तांतर लगेच मान्य केले नाही. सुधारणेचा पुरावा मागत १९१३ पर्यंत मान्यता अडवून धरली. हेही एक शस्त्रच होते. गोळी न झाडता, केवळ सही लांबवून वापरलेले. त्या वर्षी मोरेलने संघ विसर्जित केला. अत्याचाराच्या बातम्या कमी झाल्या होत्या, पण सक्तीची मजुरी संपली नव्हती. तिने पुढे नवे रूप घेतले, कराचे आणि खाणींचे. सुधारणा संघाच्या मागण्यांत काँगोच्या लोकांना त्यांचा देश परत द्यावा, ही मागणी कधी नव्हतीच. देश एका मालकाकडून दुसऱ्या मालकाकडे गेला. स्वातंत्र्य यायला ३० जून १९६० उजाडावे लागले.

आपल्याच वहीचे काय?

ज्या १९०१ साली मोरेलने नोकरी सोडली, त्याच साली लंडनमध्ये आणखी एका हिशेबाचे पुस्तक प्रसिद्ध झाले. लेखक होते मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात गणित शिकवलेले, पुढे ब्रिटिश पार्लमेंटचे सभासद झालेले दादाभाई नवरोजी. शाळेच्या इतिहासाच्या पुस्तकातून संपत्तीच्या निःसारणाचा सिद्धांत आपल्याला ठाऊक असतो. तो कसा सुचला हे मात्र तिथे फारसे सांगत नाहीत. दादाभाईंनी सरकारचेच आयात-निर्यातीचे तक्ते घेतले. वर्षानुवर्षे हिंदुस्थानातून जाणारा माल येणाऱ्या मालापेक्षा जास्त होता आणि फरकाची रक्कम परत येत नव्हती. मोरेलने अँटवर्पला जी रीत वापरली, तीच ही रीत होती. दादाभाई ती कितीतरी आधीपासून वापरत होते.

काँगोबद्दल एकमताने ठराव करणाऱ्या कॉमन्स सभेने दादाभाईंच्या तक्त्यांवर मात्र असा ठराव कधी केला नाही. दोन्ही राजवटी सारख्याच होत्या असे याचा अर्थ नव्हे. अर्थ एवढाच, की दुसऱ्याची खतावणी वाचायला नजर लागते, स्वतःची वाचायला त्याहून अधिक काही लागते. आंतरराष्ट्रीय नीतीची चाके फिरतात ती बहुधा जिथे फिरवणाऱ्याचे नुकसान कमी तिथे.

माणसांचेही तसेच झाले. केसमेंटला पुढे ॲमेझॉनच्या रबर-व्यापारातील अत्याचार उघड केल्याबद्दल ‘सर’ हा किताब मिळाला. काँगो पाहून त्याला आपल्या आयर्लंडची गुलामी दिसू लागली, आणि त्या देशाच्या उठावासाठी जर्मनीची मदत मागितल्याबद्दल ब्रिटनने त्याला ३ ऑगस्ट १९१६ रोजी लंडनच्या पेंटनव्हिल तुरुंगात फाशी दिले. वर्षभराने पहिल्या महायुद्धाला विरोध करणारा मोरेल त्याच तुरुंगात शिक्षा भोगत होता. १९२२ मध्ये डंडी मतदारसंघात चर्चिलसारख्या उमेदवाराचा पराभव करून तो पार्लमेंटात गेला. पण याच मोरेलने १९२० मध्ये जर्मनीत तैनात असलेल्या फ्रान्सच्या आफ्रिकी सैनिकांविरुद्ध अत्यंत वर्णद्वेषी मोहीम चालवली. काँगोच्या लोकांसाठी आयुष्याची बारा वर्षे देणाऱ्या माणसाला ते लोक दयेचे विषय म्हणून दिसत होते, बरोबरीची माणसे म्हणून दिसत होते की नाही याची शंका त्या मोहिमेने कायमची मागे ठेवली.

तरीही धक्क्यावरच्या त्या कारकुनाचे ऋण मोठे आहे. अधिकृत आकडे, प्रत्यक्ष पाहणी, छायाचित्र, जाहीर सभा आणि राज्यकर्त्यांनीच सही केलेला करार यांची एकत्र गुंफण त्याने दाखवली. आजच्या मानवी हक्क संघटना याच साधनांनी काम करतात. हाताशी सैन्य नसताना एका राजाकडून एक देश काढून घेता येतो हे त्यातून जगाला कळले.

स्वातंत्र्याला ६० वर्षे झाली त्या दिवशी, ३० जून २०२० रोजी, बेल्जियमचे राजे फिलिप यांनी काँगोच्या अध्यक्षांना पत्र लिहून भूतकाळातील जखमांबद्दल तीव्र खेद व्यक्त केला. बेल्जियमच्या राजाने तसे करण्याची ही पहिलीच वेळ होती. त्या पत्रात खेद आहे, माफी नाही. नावेही नाहीत. केसमेंटच्या छापील अहवालातूनही नावे गेली होती आणि लिओपोल्डच्या भट्टीत तर वह्याच गेल्या. लोंतुलूला लिहिता-वाचता येत होते की नाही याने काही अडले नाही. त्याच्या हिशेबात प्रत्येक काडीला एक नाव होते, आणि ती सगळी त्याला पाठ होती.